चाकाशी बोलणारे मास्तर

मास्तर आमच्या विहिरीच्या चाकाशी बोलायचे. कधी बादलीशी, कधी दोराशी. नव्या माणसाला वाटे, याचं डोकं फिरलं आहे. तसं ते थोडं फिरलेलं होतंच, पण चाकाशी बोलण्याचं कारण वेगळं होतं. चाकाच्या पलीकडे, स्वयंपाकघराच्या दाराआड मी असायची. त्या काळी घरची सून परक्या माणसाशी बोलत नसे. आणि माझा स्वभाव असा, की बोलायला मोकळीक असती तरी मी बोलले नसते. माहेरी चौथीनंतर माझी शाळा सुटली, तेव्हा आमच्या बाई आईला म्हणाल्या होत्या, "पोरगी हुशार आहे. पण तिचा आवाज कसा आहे ते मला अजून माहीत नाही."

मास्तर बाभुळगावच्या हायस्कुलात ड्रिलमास्तर होते. आपला जिल्हा मध्यप्रदेशातून मुंबई राज्यात गेला, त्याच्या आगेमागे ते आमच्या ओसरीच्या खोलीत राहायला आले. सडा माणूस. अंगानं कापसाच्या पऱ्हाटीसारखे वाळके आणि तितकेच चिवट. गुडघ्यापर्यंतची खाकी चड्डी एवढी घोळदार, की वाऱ्यानं फुगली तर माणूस उडून जाईल असं वाटे. एका खिशात भुईमुगाच्या शेंगा. गळ्यात शिट्टी. पण ती शिट्टी वाजलेली मी कधीच ऐकली नाही. विचार करताना ते ती दातात धरून चावायचे, इतकंच.

"वाजवत काहून नाही, मास्तर?" माझे सासरे विचारायचे.

"बापूजी, शिट्टीत दम वाया जाते."

दम हा मास्तरांचा एकच विषय होता. खेळ कबड्डीचा. आमच्याकडे जुनी माणसं हुतूतू म्हणत, मास्तर पोरांना कबड्डी म्हणायला लावत. एका दमात पलीकडे जायचं, कोणाला तरी शिवायचं आणि दम न सोडता मधल्या रेघेपर्यंत परत यायचं. मास्तर म्हणायचे, हातापायाची ताकद कोणाच्याही पोराला असते, भाकर खाल्ली की येते. दम मात्र कमवावा लागतो.

तो कमवायला त्यांनी आमची विहीर निवडली.

राहायला आल्यावर थोड्याच दिवसांत एका सकाळी ते विहिरीपाशी उभे राहिले, आमच्या दाराकडे पाठ केली आणि चाकाला म्हणाले, "चाकबुवा, आत विचारा बरं. उद्यापासून माही पोरं या विहिरीवर पानी भराले आली तर चालते का? चालत असंन तर बांगड्या वाजवा म्हना. नसंन चालत तर काहीच वाजवू नका."

मी घाबरून कडीवरचा हात मागे ओढला. त्यात बांगड्या वाजल्या.

"जमलं," मास्तर म्हणाले आणि गेले. असा आमचा करार झाला. पुढे जितकी वर्षं ते आमच्याकडे राहिले, तितकी वर्षं, एक सकाळ सोडली तर, माझं त्यांच्याशी बोलणं एवढंच होतं. बांगड्या वाजल्या की हो, नाही वाजल्या की नाही.

दुसऱ्या दिवशी फटफटत नाही तो पोरं रांगेत उभी. मास्तरांचा नियम असा, की बादली विहिरीत सोडायची, भरू द्यायची, मग छातीत श्वास भरून 'कबड्डी, कबड्डी' म्हणत दोर ओढायचा. बादली वर आली, काठाच्या दगडावर ठण्ण करून टेकली, की श्वास सोडायचा. त्याच्या आधी नाही. मध्येच दम तुटला तर भरलेली बादली तशीच पुन्हा खाली सोडायची. पहिल्या महिन्यात पाणी वर कमी आलं आणि शिव्या जास्त. पण पुढे माझे रांजण भरायचे, गुरांची टाकी भरायची, मग पोरं शेजाऱ्यांच्या घागरी भरायला जायची. आमच्या आळीतल्या बायका त्या काळात पाण्याला गेल्याच नाहीत.

सासरे ओसरीवर तंबाखू मळत बसलेले असायचे. "मास्तर, तुम्ही पोरायले शिकवून राह्यले का पानी भराले लावून राह्यले?"

"दोन्ही, बापूजी. तुमची सून खूश, माही पोरं तयार."

"अन् मले काय?"

"तुमाले फुकटचं भजन. देवाच्या जागी कबड्डी, इतकाच फरक."

पावसाळ्यात विहीर भरली की सगळं गाव आनंदात असे. मास्तर तेवढे उदास. काठावर बसून वर आलेल्या पाण्याकडे दुखण्याकडे पाहावं तसे पाहत. पाणी वर आलं म्हणजे दोर लहान झाला, आणि दोर लहान झाला म्हणजे पोरांचा दम आखूड झाला. उलट चैत्र-वैशाखात बायका पाणी आटलं म्हणून रडत, तेव्हा मास्तर बादली खाली खाली जाताना पाहून शेंगा फोडत. "चाकबुवा, अजून एक हात गेलं!" एकदा सासरे खरंच रागावले. "मास्तर, गावात दुष्काळ मागता का?"

एका वर्षी पाऊस फार चांगला झाला. त्या हिवाळ्यात मास्तरांचा संघ पहिल्याच सामन्यात हरून घरी आला. हेडमास्तरांनी कारण विचारलं तर मास्तर म्हणाले, "पावसानं हरवलं."

मग त्यांनी माळावरच्या बंजाऱ्यांच्या तांड्याची विहीर शोधून काढली. खडकात खणलेली, पावसाळ्यातही खोल. तिथल्या बायकांना पाणी ओढता ओढता दुपार व्हायची. पुढच्या वर्षी भर भादव्यात मास्तर पोरं घेऊन तिथे पोचले. तांड्यावरची एक म्हातारी, तिला सगळे याडी म्हणत, म्हणजे आई. ती काठी टेकत आली आणि पोरांचं तोंड चाललेलं पाहून म्हणाली, "मास्तर, ह्या छोऱ्यायले झपाटलं का काय? सगळे एकच बडबडून राह्यले!"

"झपाटलंच हाय, याडी. पानी भरल्याशिवाय उतरत नाही."

"मंग उतरवू नको रे बाप्पा! रोज आन!"

आणि तिनं पोरांना चुलीजवळ बसवून बाटी म्हणजे ज्वारीची भाकर आणि लसणाची चटणी खाऊ घातली. भरलेल्या विहिरीचं दुःख मास्तरांना पुन्हा झालं नाही.

त्याच वर्षी त्यांनी जिल्ह्याची ढाल पहिल्यांदा आणली. मोठी, लाकडी, वर पितळी पत्रा. सत्कार झाला, हार झाले, आणि ढाल शाळेत द्यायची ती मास्तरांनी खोलीवर आणून पाण्याच्या माठावर झाकण म्हणून ठेवली. हेडमास्तर शोधत शोधत आले. "अहो, ही जिल्ह्याची ढाल आहे!" मास्तर म्हणाले, "हो ना साहेब. म्हनून माठात एक मुंगी जात नाही."

अशा ढाली पुढे त्यांनी पुष्कळ आणल्या. काही वर्षांनी यवतमाळच्या कॉलेजानं त्यांना बोलावून नेलं. तिथे म्हणे त्यांनी ग्राउंड पाहायच्या आधी विहीर पाहायला मागितली, आणि प्रिन्सिपॉलच्या बंगल्यातलीच तेवढी खोल निघाली, म्हणून कॉलेजची पोरं सकाळी प्रिन्सिपॉलीणबाईंचं पाणी भरू लागली. त्यांच्या हाताखालून गेलेली पोरं नागपूर-जबलपूरपर्यंत जिंकून आली. कोणी पोलिसात लागलं, कोणी एसटीत, कोणी मास्तर झालं. पेपरात फोटो यायचे. फोटोत मास्तर नेहमी कडेला, आणि तोंड दुसरीकडे.

कारण खेळाकडे ते पाहतच नसत. ही त्यांची सगळ्यात विचित्र खोड. पोरांना मैदानात सोडलं, की ते एक टोपली पालथी घालत, तिच्यावर सामन्याकडे पाठ करून बसत आणि शेंगा सोलत. लोक हसत. बाहेरगावचे म्हणत, यांच्या संघाला मास्तर आहे का शेंगावाला? पण ते ऐकत असत. दम कुठे हलका झाला, कुठे घाई झाली, ते सगळं त्यांना पाठीमागून कळे. सामना संपल्यावर पोरांना ते असं सांगत जसं काही डोळ्यानं पाहिलं. "डोयानं पाह्यलं की मानूस भेते नाही तर हुरळते," म्हणायचे. "कानाले तेवढं समजत नाही, म्हनून कान बरा."

शाबासकी त्यांच्याजवळ एकच होती. "दम चांगला हाय." ती सहसा मिळत नसे. एकदा शेजारच्या लग्नात मंगलाष्टकं चालू असताना भटजींनी शेवटचा 'सावधान' लांबवला, तेव्हा मास्तर अक्षता टाकायचे विसरून मोठ्यानं म्हणाले, "दम चांगला हाय!" नवरदेव हसू लागला. दुसऱ्यांदा राळेगावच्या बाजारात सनई वाजवणाऱ्या एका म्हाताऱ्याला म्हणाले. त्यांच्या पोरांपैकी फार थोड्यांनी ते शब्द ऐकले असतील. ढाल जिंकून आलेल्या पोराला ते म्हणत, "आंघोळ कर."

आता माझ्या दिराचं सांगते. मास्तर आमच्याकडेच राहत होते तेव्हाचं.

सासूबाई माझ्या लग्नाआधीच गेल्या होत्या. घरात सासरे, हे, धाकटा दीर आणि मी. हे दिवसभर शेतावर. दीर मी आले तेव्हा लहान होता, माझ्याच हातचं खाऊन मोठा झाला. त्याची जीभ अडखळायची. एक शब्द बाहेर यायला मान, डोळे, हात सगळं मदतीला यायचं. वर्गात त्याला कविता म्हणायला उभं करत आणि पोरं हसत. घरी तो माझ्याशीच बोले, कारण मला घाई नसे.

मास्तरांनी त्याला संघात घेतलं तेव्हा सासरे हसले. "मास्तर, याच्यानं आपलं नाव सांगनं होत नाही, हा कबड्डी कसा म्हनंन?"

मास्तरांनी त्याला दोर दिला. दिरानं श्वास भरला आणि बादली वर येईपर्यंत 'कबड्डी' एकदाही अडकली नाही. पाण्यासारखी वाहत राहिली. मी दाराआड होते, माझ्या हातातली परात तशीच राहिली.

"बापूजी," मास्तर म्हणाले, "आपल्या मनचं सांगाचं असलं की जीभ भेते. कबड्डीत मनचं काही सांगाचंच नाही."

दोन हिवाळ्यांत दीर संघाचा पहिला गडी झाला. पण आठवीत नापास झाला. सासऱ्यांनी ठरवून टाकलं, की वणीला त्याच्या मामाचं किराणा दुकान आहे, तिथे बसवायचं. दीर त्या दिवशी जेवला नाही. मला म्हणाला, "व-वहिनी, तिथं दि-दिवसभर गिऱ्हाइकाशी ब-बोलावं लागते." गूळ काय भाव, हे सांगताना दुकानापुढे उभे राहिलेले लोक त्याला आत्ताच दिसत होते.

मास्तर सासऱ्यांजवळ येऊन बसले. यवतमाळच्या एका मोठ्या शाळेनं नुकतंच कबूल केलं होतं, की जिल्ह्यात पहिल्या येणाऱ्या संघातली पोरं ती वसतिगृहात ठेवून घेईल आणि मॅट्रिकपर्यंत शिकवील. त्या शाळेला चांगले खेळाडू हवे होते. "एक साल थांबा, बापूजी. ढाल आनली तर पोरगं यवतमाळले. नाही आनली तर मी सोता त्याले वणीच्या एसटीत बसवून देतो."

"शब्द?"

"शब्द."

हे ठरलं आणि त्याच हिवाळ्यात संघ वणीत हरला. आदल्या दोन वर्षांची ढाल हातातून गेली. दीर पलीकडे गेलेला, चांगला दम चाललेला, आणि मध्येच दम सुटला. बाद झाला. मास्तर पाठ करून बसलेले. ते घरी आल्यावर सासऱ्यांना इतकंच म्हणाले, "साल आजपासून धरा, बापूजी. पुढच्या हिवाळ्यापर्यंत मोजा." सासरे कुरकुरले, पण थांबले. मग मास्तर चाकाला म्हणाले, "चाकबुवा, याचा दम सुटनारा नाही. पोरगं भ्यालं."

ते भ्यालं नव्हतं. दिरानं मला जेवताना सांगितलं. मैदानाच्या कडेला चहावाला होता. त्याच्या पोऱ्यानं भरलेली बादली दगडावर टेकवली. ठण्ण. "अन् व-वहिनी, श्वास आपोआप स-सुटला." रोज सकाळी बादली वाजली की श्वास सोडायचा, हे त्याच्या छातीला इतकं शिकवलं होतं, की छातीनं त्याला विचारलंच नाही.

हे मास्तरांना सांगायला हवं होतं. दीर सांगेना; त्याला वाटे, मास्तर म्हणतील कारण सांगतो. सासऱ्यांना सांगितलं असतं तर ते खो खो हसले असते आणि दुसऱ्या दिवशी गावभर केलं असतं. आणि मी? माझ्याजवळ बांगड्यांचं हो आणि नाही. एवढी गोष्ट त्यात कशी सांगू?

मग मी बादलीच्या बुडाला जुन्या लुगड्याची चिंधी बांधली. जाड, दोन पदरी. बादली टेकली की आवाज होईना.

सकाळी मास्तर थबकले. "बादलीबाई, तुमचा आवाज कोन चोरला?" चिंधी सोडली, घडी केली, काठावर ठेवली. पोरांनी पाणी भरलं. ठण्ण, ठण्ण.

दुपारी मी चिंधी परत बांधली. सकाळी त्यांनी सोडली. असं बरेच दिवस चाललं. मी गाठ घट्ट मारू लागले, ते दातानं सोडू लागले. शेवटी एका सकाळी ते दाराकडे पाठ करून उभे राहिले. "बादलीबाई, हे काहून करून राह्यल्या तुम्ही? आवाजाचा तरास होते का घरात?"

मी हात घट्ट धरून ठेवला. त्रास नव्हता, म्हणून वाजवायच्या नव्हत्या. पण त्याच वेळी माझ्या डोक्यात आलं, की आता विचारतीलच ते पुढचं, आता बोलावंच लागेल, आणि अंग असं कापलं की बांगड्या आपल्या वाजल्या.

"बराबर हाय," मास्तर हळूच म्हणाले. "बापूजींची झोप मोडत असंन. मले सुचाले पाह्यजे होतं." चिंधी त्यांनी खिशात घातली, शेंगांच्या खिशात, आणि दुसऱ्या दिवसापासून पोरं तांड्याच्या विहिरीवर नेली. तिथेही दगडच होता, आणि बादलीही लोखंडाची.

मला फार वाईट वाटलं. विहिरीवर सकाळी आवाज नव्हता. पाणी मीच ओढू लागले. एकदा ओढता ओढता माझ्या ध्यानात आलं, की मीही श्वास धरून ठेवते आहे.

पुढच्या हिवाळ्यात शेवटचा सामना यवतमाळला होता. सासरे स्वतः जाणार होते. निकाल लागेल तसा पोराचा बंदोबस्त करून यायचा, हे त्यांच्या मनात पक्कं. आदल्या सकाळी मास्तर विहिरीपाशी आले. "चाकबुवा, या घरच्या पान्यानं पोरं मोठी झाली. घरच्या बाईनं एकदा पाह्याले काय हरकत हाय?" सासरे ओसरीवरून म्हणाले, "चाकाले काय इचारता? न्या म्हनतो मी. तिची चुलतबहीन हाय तिथं, भेट होईन."

एवढी माणसं मी तोवर लग्नातसुद्धा पाहिली नव्हती. बायकांची जागा निंबाखाली होती. शेजारीच पाण्याची सोय, फरशीवर एक पिंप, आणि पिंप भरायला शिपाई लांबून बादल्या आणत होता. दर खेपेला भरलेली बादली आधी फरशीवर टेकवायचा, दम खायचा, मग पिंपात ओतायचा. पहिली बादली ठण्ण करून टेकली तेव्हाच मी मैदानात दिराला शोधलं. पलीकडे मास्तर टोपली पालथी घालून, पाठ करून बसलेले. शेंगा तशाच हातात.

सामना बरोबरीत आला. वेळ संपत आली होती. आमच्याकडून दीर गेला.

त्या वेळी कोणी शेवटच्या दमाला गेला, की पाहणारी माणसं गप्प होत. दम तुटला का ते ऐकू यावं म्हणून. सगळं मैदान गप्प आणि त्यात एकच आवाज, कबड्डी, कबड्डी, कबड्डी. त्यानं एकाला शिवलं. वळला. तेवढ्यात दुसऱ्यानं घोटा धरला, तिसरा कमरेवर पडला, तो मातीत आडवा. हात पुढे. रेघ हातभर लांब. आवाज मातीत दबला होता, पण तुटला नव्हता.

आणि माझ्या डाव्या बाजूनं शिपाई भरलेली बादली घेऊन आला.

मी कधी उठले ते मला माहीत नाही. तो वाकला आणि मी बादलीच्या बुडाखाली दोन्ही हात घातले. पाणी लुगड्यावर सांडलं, पदर डोक्यावरून खांद्यावर आला.

"अवं बाई, काय करून राह्यल्या? सोडा ना!"

मी मान हलवली.

"हात तुटून राह्यला माहा! ठेवू द्या ना खाली!"

मी मान हलवत राहिले. बायका माझ्याकडे पाहत होत्या. पुरुष वळून पाहत होते. समोरून सासरे पाहत होते. मला ते सगळे दिसत होते आणि मी सोडत नव्हते. शिपाई खाली दाबतो, मी वर उचलते. कान तिकडे. कबड्डी, कबड्डी. आता तो आवाज आवाज राहिला नव्हता, नुसता घासत होता, पण होता. कोणीतरी ओरडलं, "शिवली! रेघ शिवली!" आणि सगळं मैदान उठलं.

आरडाओरडा, टोप्या, धूळ. आम्ही दोघं बादली धरून तसेच. शिपाई म्हणाला, "आता तरी?"

तेव्हा मी हात काढले. बादली फरशीवर टेकली. ठण्ण.

त्या सगळ्या गोंगाटाला मास्तर वळले नव्हते. लोक ओरडतात ते कोणासाठी ते पाठीमागून कळत नाही, म्हणून सांगायला कोणी येईपर्यंत ते नेहमी तसेच बसत. पण त्या ठण्णला ते वळले. आधी बादलीकडे पाहिलं. मग मातीतून उठणाऱ्या दिराकडे, त्या ठण्णनंतर आत्ता कुठे श्वास सोडणाऱ्या त्याच्या छातीकडे. मग माझ्या ओल्या लुगड्याकडे. मी पदर ओढला आणि बायकांत जाऊन बसले.

दीर धावत मास्तरांकडे गेला. मास्तर म्हणाले, "आंघोळ कर." आणि त्याच्या डोक्यावर हात ठेवून उभे राहिले. पुष्कळ वेळ.

परतीच्या एसटीत मी सासऱ्यांच्या मागच्या बाकावर होते. आता काय बोलतील, म्हणून मान खाली. ते खिडकीबाहेर पाहत होते. मग मागे न वळता म्हणाले, "त्याच्या गादीचा कापूस पिंजून घ्या लागंन. यवतमाळले थंडी जास्त पडते." पदराबद्दल एक अक्षर बोलले नाहीत, तेव्हा नाही आणि पुढे कधीही नाही.

दुसऱ्या दिवशी मला वाटलं, आज कोणी येणार नाही. मी पाण्याला निघाले तर विहिरीजवळ मास्तर. एकटेच. दाराकडे पाठ. मी कवाडाआड झाले.

त्यांनी खिशातून काहीतरी काढलं, त्याबरोबर शेंगांची टरफलं खाली पडली. माझी चिंधी होती. घडी घातलेली, गाठीच्या जागी दातांनी कुरतडलेली. एवढे महिने ती त्यांच्या खिशात होती. त्यांनी ती बादलीच्या बुडाला बांधली. हळूहळू, नीट. गाठ ओढून पाहिली.

"बादलीबाई," ते म्हणाले, "ही याच्यासाठी होती का?"

बांगड्या वाजवायच्या होत्या. हात उचलला होता. चाकावर एक चिमणी बसली होती, मास्तरांची ती घोळदार चड्डी वाऱ्यानं हलत होती, आणि माझ्या तोंडातून आलं, "हो."

माझा मलाच तो आवाज ओळखू आला नाही. केवढा मोठा निघाला. ओसरीवर सासऱ्यांच्या हातातली तंबाखू मळायची थांबली.

मास्तर वळले नाहीत. पाठ तशीच. सामन्यात ऐकताना ते मान थोडी तिरपी करत, तशी केली. मग चाकाला म्हणाले,

"दम चांगला हाय."